पिठाच्या रेघा

रजईवर टाके घालण्याआधी कापडावर नक्षी उतरवावी लागते, आणि दिराच्या कारखान्यात ते काम गेली वीस वर्षं त्याची वहिनी करत होती. कारखाना म्हणजे त्याच्या घराच्या मागच्या अंगाला चार शिवणयंत्रं आणि एक लांब टेबल. तिथल्या बायका तिला रेघवाली म्हणत.

साध्या रेघा ती झिजून पातळ झालेल्या साबणाच्या चिपट्यांनी ओढायची. चिपट्या स्वतःच्या घरच्याच; परक्याच्या अंगाला लागलेला साबण तिने कधी बोटांनी उचलला नाही. वेलबुट्टी हवी असेल तर जुन्या एक्सरेच्या फिल्मला सुईने भोकं पाडायची, ती कापडावर ठेवायची आणि कुटलेल्या खडूची पुरचुंडी वरून थोपटायची. फिल्म उचलली की खाली ठिपक्याठिपक्यांची वेल. टाके झाले की रजई धुवायची, हा तिचा शिरस्ता. दिराला तो आवडत नसे. धुतलेला माल नवा दिसत नाही, असं तो म्हणे.

लेकीच्या बाळंतपणासाठी ती महिनाभर गेली आणि तेवढ्यात एका प्रसूतिगृहाची ऑर्डर आली. बाळांना गुंडाळायच्या चाळीस रजया, गडद निळ्या.

ती परतली तेव्हा माल टेबलावर रचून तयार होता. खोलीत खवट वास होता. रेघवालीने वरची रजई उचलली आणि सवयीने टाक्यांवरून बोट फिरवलं. बोटाखाली काहीतरी मऊ चिरडलं. तिने शिवण फाकवून पाहिली. दोऱ्याच्या कडेला पांढुरका गाळ चिकटला होता आणि त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

"हे काय लावलंस?" तिने धाकट्या जावेला विचारलं.

जाऊ मान खाली घालून म्हणाली, "खडू संपला होता, ताई. ह्यांनी पीठ आणून दिलं. जुनं होतं, जाळी धरलेलं. मी चाळून घेतलं."

"आणि धुतलं नाहीस?"

"हे नको म्हणाले."

दीर चहाची बशी हातात घेऊन दारात उभा होता. "उन्हात टाकू, झटकू, की झालं. उद्या सकाळी गाडी येतेय," तो म्हणाला. मग त्याने पुढे होऊन शिवणीतली एक अळी नखाने टिपली, जमिनीवर उडवली, नख पँटला पुसलं आणि त्याच बोटांनी बशीतलं बिस्कीट उचलून तोंडात टाकलं. "वहिनी, तुम्हाला सगळीकडे घाणच दिसते. पोरं काय रजई चाखणार आहेत?"

तान्ही पोरं हाताला लागेल ते तोंडात घालतात, हे दोन मुलांच्या बापाला सांगायचं म्हणजे शब्द वाया घालवणं. त्याची चघळणारी जिवणी बघून तिला अळीपेक्षा त्याचीच जास्त शिसारी आली. ती मोरीवर गेली. तीनदा हात धुतले. बोटावरचा तो मऊ स्पर्श काही जाईना.

मग तिने मोरीच्या नळाची रबरी नळी ओढत आत आणली आणि रजयांच्या ढिगावर पाणी सोडलं.

"वेड लागलंय का तुम्हाला?" दिराने नळी हिसकावली, पण तोवर तळापर्यंत पाणी मुरलं होतं.

"ओला माल गाडीत कसा भरायचा ते तुम्ही बघा, भाऊजी. नाहीतर पाणी उकळायला ठेवा."

तीन दिवस घरात धुण्याशिवाय दुसरं काही झालं नाही. उकळत्या पाण्यावर करडा चिकट तवंग यायचा आणि त्यात फुगलेल्या अळ्या तरंगायच्या. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच दिराने स्वतः पातेलं उपसलं. अर्ध्यात ते तसंच टाकून तो मागच्या भिंतीशी जाऊन ओकला. रेघवाली थांबली नाही, पाणीही विचारलं नाही. अकरा रजयांच्या कापसात अळ्या शिरल्या होत्या. त्या तिने जाळायला लावल्या.

उरलेल्या एकोणतीस उशिरा पोचल्या. प्रसूतिगृहाने त्या ठेवून घेतल्या, पुन्हा काही मागवलं नाही. वहिनीच्या नखऱ्यांपायी ऑर्डर गेली, असं दीर सगळ्यांना सांगत सुटला. रेघवालीने कारखान्यात पाऊल टाकणं सोडलं. त्या घरचा चहाही तिच्या घशाखाली उतरेना.

दोन महिन्यांनी जाऊ कापडाचा गठ्ठा घेऊन तिच्या दारात आली.

"रेघा मारून द्याल का, ताई? मला तुमच्यासारख्या जमत नाहीत."

रेघवालीने गठ्ठा दाराशीच उलगडला, प्रत्येक घडी झटकून, हुंगून पाहिली. "देईन. पण ने-आण तूच करायची. त्याला माझ्या घरात पाठवू नकोस."

"ते तुमचे दीर आहेत, ताई."

"माहितेय," ती म्हणाली आणि खिडकीपाशी कापड पसरायला लागली.