डावीकडचा रेटा

सुताराला संघात सगळे 'खांब' म्हणायचे. आठवडाभर दारं-चौकटी करायच्या आणि सुट्टीला रग्बी खेळायची, यात त्याची ऐन उमेदीची वर्षं गेली. रग्बीत स्क्रम असतो. दोन्ही संघांचे आठ-आठ गडी एकमेकांना घट्ट धरून वाकतात आणि समोरच्यांना खांद्याने मागे रेटतात. पहिल्या रांगेत तिघं. मधोमध खांब आणि त्याच्या डाव्या हाताला त्याचा मेहुणा, टायरच्या दुकानाचा मालक. खरं तर मैत्री आधीची, सोयरीक नंतरची. हा माणूस भार टाकून पळणारा नाही, असं घरच्यांना सांगून मेहुण्यानेच आपल्या बहिणीचं खांबाशी लग्न जमवलं होतं.

सुरुवातीला खांबाची कंबर फार दुखायची. मग दुखायची थांबली. तेल चोळताना बायको म्हणायची, डावीकडे नुसता दगड झालाय. त्याला ते ऐकून बरं वाटायचं. स्क्रममध्ये आपण डावीकडे कलतो, एवढं मात्र त्याला खटकायचं. मेहुणा त्यावर त्याची शिकवणीच घ्यायचा: कंबर तिरकी जाते तुझी, सरळ राहा. मग खांब घरी आरशासमोर वाकून वाकून बघायचा.

एकदा कारखान्यात चौकट उचलताना डाव्या पायातून अशी कळ गेली की पाऊल टेकवेना. डॉक्टरीणबाईंनी कमरेचा एक्स-रे उजेडावर धरला.

"भार येतो तिथे हाड जाड होत जातं," त्या म्हणाल्या. "खेळाडूंचं होतंच. पण दोन्हीकडे सारखं होतं. तुमच्या डाव्या बाजूने दोन माणसांचं ओझं ओढलेलं दिसतंय."

जाड झालेलं तेच हाड आता नस दाबत होतं. खेळ संपला, त्यांनी स्पष्टच सांगितलं. खांब हसून म्हणाला, डावीकडे तर माझा मेहुणा असतो. आणि बोलता बोलता त्याचं हसू विरलं.

तो लंगडत थेट दुकानात गेला. मेहुणा चाकात हवा भरत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, नळी बाजूला ठेवली. नाकारलं नाही. ऐन तारुण्यातच त्याच्या मणक्यातली गादी सरकली होती. तेव्हापासून तो रांगेत उभा राहायचा, पकड धरायचा, ओरडायचा. जोर लावायचा नाही.

"मला सांगायचं होतंस," खांब म्हणाला.

"सांगितलं असतं तर संघातून गेलो असतो. आणि तुझी पाठ टणकच होत चालली होती रे. मला वाटलं, तुला झेपतंय."

"आणि मला सरळ राहा म्हणायचास, ते?"

गिऱ्हाईक आलं, मेहुणा तिकडे गेला.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, भावाच्या कमरेचं तिला ठाऊक होतं. त्याने शपथ घातली होती. पण त्याचं ओझं नवऱ्यावर येत असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. खांबाला ते पटलं. तरी त्या रात्री तो तिच्याकडे पाठ करून झोपला.

आता चौकटी दुसरे उचलतात, तो टेबलाशी बसून बिजागऱ्या बसवतो. मेहुणा नव्या पोरांना स्क्रम शिकवतो. बायकोला माहेरी सोडायला खांब जातो, पण गाडीतून उतरत नाही. एकदा मेहुण्याने येऊन काचेवर टकटक केली. खांबाने काच खाली केली. मेहुण्याने माफी मागितली, अगदी मनापासून. खांबाने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि काच वर केली.