भ्यायला शिकवणाऱ्या कुमुदमावशी

कुमुदमावशी लिफ्टमध्ये कधी एकट्या चढल्या नाहीत. सुभानपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत त्या चौथ्या मजल्यावर राहायच्या आणि मी दुसऱ्यावर. सकाळी जिना उतरून माझ्या दाराशी यायच्या. शॉक बसेल म्हणून बेलला हात लावायच्या नाहीत, कडी वाजवायच्या आणि म्हणायच्या, "मेधा, मला बाई भीती वाटते, तू जरा चल ग." कधी कोपऱ्यावरच्या कुत्र्याची, कधी रस्ता ओलांडायची, कधी बँकेतल्या त्या काचेच्या दाराची. इतकी भित्री बाई मी जन्मात पाहिली नाही, आणि हे मी कौतुकानं सांगतेय.

कारण त्या थांबायच्या नाहीत. भीती वाटते असं म्हणायचं, माझा दंड घट्ट पकडायचा आणि निघायचं. एकदा मी वैतागून म्हटलं, "मावशी, एवढी भीती वाटते तर बसा ना घरी!" तर म्हणाल्या, "घरी बसले की जास्त वाटते ग. बाहेर निदान कशाची ते तरी कळतं."

शहराच्या उत्तरेला, कारखान्यांच्या पट्ट्यात, एका मोठ्या केमिकल कंपनीच्या भिंतीला लागून कामगारांची वस्ती आहे. तिथे त्या बालवाडी चालवायच्या. खोली कंपनीनेच दिलेली. मावशींचे यजमान त्याच कारखान्यात होते. एका दुपारी गॅस सुटल्याचा सायरन झाला तेव्हा ते चहा पीत होते. "टेस्टिंग असेल," म्हणून त्यांनी कप संपवला. सगळ्यांच्या देखत पळायचं, मग लोक हसायचे, ते त्यांना नको होतं. त्यानंतर ते सहा-सात वर्षं जगले, पण पुरता श्वास त्यांना कधी घेता आला नाही. मावशी हे एकदाच बोलल्या, शेंगा सोलता सोलता, आणि पुढे लगेच म्हणाल्या, "घाबरट असतं ना मेलं माणूस, तर आज इथे बसलं असतं."

बालवाडीत रोज सकाळी मुलांना गोल बसवून त्या विचारायच्या, "बोलो, कोने शेनी बीक लागे छे?" कोणाला कशाची भीती वाटते, असं. बीक म्हणजे भीती. एक म्हणायचा कुत्र्याची, एक म्हणायची अंधाराची, एक म्हणायचा पप्पांची. प्रत्येकाला मावशी मान हलवून, अगदी मनापासून म्हणायच्या, "शाब्बास!" जिग्ना नावाची एक पाच वर्षांची पोर होती, केसांची शेंडी टोक वर करून बांधलेली. ती रोज ठणकावून सांगायची, "मने कोईनी बीक नथी लागती." तिला कधी शाब्बास मिळाली नाही. पोर रडकुंडीला यायची, पण हटायची नाही. मी म्हटलं, "द्या ना हो एकदा तिला." मावशी म्हणाल्या, "खोटी कशी देऊ? ज्या दिवशी भिईल त्या दिवशी देईन."

त्यानंतर सायरनचा खेळ. मावशी तोंडानं सायरन काढायच्या, बारीक आवाजापासून चढत चढत, मध्येच तुटणारा, पुन्हा चढणारा. मुलांनी रुमाल पाण्याच्या बादलीत बुचकळायचा, नाकावर धरायचा, बाहेर यायचं आणि आधी दोरीवरचे वाळत घातलेले कपडे बघायचे. "कपडे जिकडे उडतात तिकडे जायचं नाही. वारा जिकडून येतो तिकडेही जायचं नाही. आडवं जायचं, हात धरून, मैदानापर्यंत." हे त्या मराठी-गुजरातीची खिचडी करून शिकवायच्या, पण मुलांना लख्ख कळायचं. वस्तीतल्या बायका हसायच्या. हसू देत, मावशी म्हणायच्या.

आता खेळण्याचं सांगते. मी मकरपुऱ्याला एका खेळण्यांच्या कंपनीत डिस्पॅचला आहे. एका वर्षी आमच्या कंपनीनं त्या केमिकल कंपनीशी करार केला आणि पिवळा टँकर काढला. टँकरच्या पोटावर त्यांचा शिक्का, हसऱ्या थेंबाचा, आणि वर एक लाल बटण. बटण दाबलं की सायरन. तोच, त्यांच्या कारखान्याचा. खरेपणा यावा म्हणून त्यांनीच आवाज भरून दिला होता. दिवाळीला दुकानांत विकायला ठेवला आणि कारखान्याभोवतीच्या वस्त्यांत घरोघर फुकट वाटला. मी स्वतः खोकी चढवून दिली. देखणा होता हो टँकर, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतर पहिल्याच सोमवारी मावशींनी माझी कडी वाजवली. चेहरा पांढराफटक. पिशवीतून तो टँकर काढून माझ्या टेबलावर ठेवला. "मेधा, आज मी सायरन काढला आणि एकही मूल उठलं नाही. सगळी टाळ्या पिटायला लागली. टँकर आला, टँकर आला म्हणून. जिग्ना तर खिडकीत चढली बघायला." त्यांनी बटण दाबलं. माझ्या स्वयंपाकघरात तो आवाज घुमला आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. "खरा वाजेल तेव्हा ही पोरं त्याच्याकडे धावत जातील ग," मावशी म्हणाल्या. त्या खुर्चीवर बसल्या.

त्यांचं मागणं दोनच गोष्टींचं होतं. टँकरमधला सायरन काढा आणि त्याच्या पोटावरचा शिक्का काढा. शिक्का कशाला, असं मीही विचारलं. त्या म्हणाल्या, "ज्याला भ्यायचं, त्याचंच हसरं तोंड मुलाच्या उशाशी ठेवता, मग ते कसं भिणार?" मला म्हणाल्या, "तू यात पडू नकोस. तुझी नोकरी आहे." मी पडले नाही, पण घाबरायची ती घाबरलेच. त्या आमच्या कंपनीविरुद्ध उभ्या राहणार आणि मी रोज त्यांना जिन्यात भेटणार, हे काय लपून राहणार होतं?

वस्तीतल्या दहा-बारा आया गोळा झाल्या. शनिवार-रविवारी या बायका खेळण्यांच्या दुकानांबाहेर उभ्या राहायच्या. घोषणा नाहीत, काही नाही. कोणी टँकर घेऊन बाहेर आलं की मावशी पुढे व्हायच्या, "एक मिनिट हं, हा जरा कानाला लावा," म्हणायच्या, आणि या आया कुठल्या भिंतीलगत राहतात ते सांगायच्या. निम्मे लोक परत आत जाऊन टँकर बदलून आणायचे. वासणा भागातल्या एका दुकानदारानं तर माल ठेवणंच बंद केलं. परत आलेली खोकी माझ्याच खात्यात यायची. विपुलभाई, आमचे मॅनेजर, माझ्या टेबलाशी थांबून म्हणाले, "मेधाबेन, ए कुमुदबेन तमारा बिल्डिंगमां ज रहे छे ने?" एवढंच. मी खोकी मोजत राहिले.

मग फोन सुरू झाले. मावशींनी उचलला की पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. खाली एक माणूस मोटारसायकलवर बसून चौथ्या मजल्याकडे बघत राहायचा. एके दिवशी बालवाडीच्या दाराला चिठ्ठी लावलेली, खोली रंगवायची आहे, सामान हलवा. रंगवायला कोणी येणार नव्हतं हे सगळ्यांनाच कळत होतं. मावशी रात्री झोपायला माझ्याकडे येऊ लागल्या. दाराची कडी लावायच्या, पुन्हा उठून बघायच्या, पुन्हा बघायच्या. मी म्हटलं, "मावशी, सोडा आता. तुमच्याच्यानं झेपत नाही." त्या अंधारात म्हणाल्या, "नाहीच झेपत. उद्या कुठलं दुकान आहे?"

विपुलभाईंनी त्यांना एकदा भेटायला बोलावलं. चहा दिला, बालवाडीला खोलीभर खेळणी देऊ म्हणाले, आणि हसत म्हणाले, "बेन, हे खेळणं आहे. कोणीही माणूस याला खरा सायरन समजणार नाही." मावशींनी चहा तसाच ठेवला आणि उठून आल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात त्या बायकांना घेऊन आमच्या गेटवर आल्या. ठरलं होतं इतकंच की प्रत्येकीनं हातात टँकर धरायचा आणि सगळ्यांनी एकदम बटण दाबायचं. साहेब खिडकी उघडतील, डोकावतील, मग बोलता येईल. ऊन फार होतं म्हणून त्या सायकल-स्टँडच्या पत्र्याखाली उभ्या राहिल्या. तीच चूक झाली. पत्र्याखाली तो आवाज असा काही दुमदुमला की काय सांगू. मकरपुऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून रंगाचे, ॲसिडचे कारखाने आहेत. कोणी विचार करायला थांबलं नाही. मोल्डिंगवाले, पॅकिंगवाल्या, ऑफिस, सगळं गेटकडे सुटलं. मीही पळाले. हजारो टँकर मी हातांनी पाठवलेले, तो आवाज मला पाठ, तरी मी पदर नाकाला लावून, एक चप्पल मागे टाकून पळाले. पॅकिंगची ज्योतीबेन दारात पडली आणि तिचा हात मोडला. आणि आमच्या सगळ्यांच्या पुढे, जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उडवत, विपुलभाई.

गेटाबाहेर आलो तर समोर या बायका, हातात पिवळे टँकर. मावशींच्या हातातला खाली पडला. "अगो बाई, हे काय झालं," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मला वाटलं आता पोलीस येणार, मावशींना नेणार, माझी नोकरी गेली. विपुलभाई धापा टाकत उभे होते, शर्ट बाहेर आलेला. मावशी त्यांच्याजवळ गेल्या. रडत होत्या. हात जोडून म्हणाल्या, "माफ करा भाई. पण तुम्ही पळालात ना? शाब्बास. आमची मुलं पळत नाहीत हो."

विपुलभाई शर्ट खोचत आत गेले. पोलीस आलेच नाहीत. महिनाभरात टँकरमधून सायरन गेला, साधी घंटी आली. शिक्क्यासाठी मात्र बायका वर्षभर दुकानांबाहेर उभ्या राहिल्या, तेव्हा पुढच्या दिवाळीचा टँकर कोरा निघाला. बालवाडीची खोली गेली ती गेलीच. वर्ग देवळामागच्या शेडमध्ये भरायला लागला. ज्योतीबेनच्या हाताचं प्लास्टर निघेपर्यंत मावशी दर गुरुवारी तिच्याकडे जाऊन भाजी चिरून देत होत्या. कोणी त्यांचं कौतुक करायला लागलं की म्हणायच्या, "एका बाईचा हात मोडला माझ्यामुळे, ते आधी बोला."

पण वाटलेले टँकर वस्तीतल्या घराघरांत होतेच. ते परत कोण देणार? मावशी दारोदार जाऊन मुलांना सांगायच्या, टँकर दमलाय, त्याला झोपवू या, आणि सेल काढून घ्यायच्या. किती घरं राहिली कोणास ठाऊक. ती धास्ती त्यांना शेवटपर्यंत होती. सायरनची चाचणी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असते. त्या सोमवारी त्या वस्तीत जाऊन उभ्या राहायच्या, कोण उठतं, कोण हसतं, बघत.

गेल्या हिवाळ्यात हृदयाचं दुखणं निघालं. दवाखान्यात त्यांनी माझा दंड तसाच पकडला, जिना उतरताना पकडायच्या तसा. "मेधा, मला बाई फार भीती वाटते." माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. मी म्हटलं, "घाबरू नका हो मावशी." तेवढ्यातही त्या चिडल्या. "असं नाही म्हणायचं. इतकी वर्षं माझ्याबरोबर हिंडलीस, आणि काय म्हणायचं ते कळलं नाही?" मला कळलं होतं, पण माझ्या तोंडून ते निघेना. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

तेराव्यानंतरच्या रविवारी वस्तीत शोकसभा ठेवली, देवळामागच्या शेडमध्येच. मावशींचा फोटो, हार, सतरंजीवर आम्ही मोठी माणसं, कडेला मुलं. मी बोलायला उभी राहिले आणि सायरन झाला. बारीक आवाजापासून चढत, मध्येच तुटत, पुन्हा चढत. मी थांबले. सतरंजीवरचं कोणी हललं नाही. कोणीतरी म्हणालं, "टेस्टिंग हशे," टेस्टिंग असेल म्हणून. रविवार होता. ते मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं, पण फोटोसमोरून उठून पळायचं कसं, म्हणून आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो.

मुलं केव्हाच उठली होती. पाण्याच्या पिंपाशी रांग, ओले रुमाल नाकावर, एकमेकांचे हात धरलेले. जिग्ना आता आठ वर्षांची झालीय. ती शेडच्या तोंडाशी उभी राहून समोरच्या दोरीकडे बघत होती. एक निळी साडी आमच्या दिशेनं फडफडत होती. जिग्नानं हातानं आडवी दिशा दाखवली, मुलांना पुढे काढलं आणि परत येऊन माझा दंड पकडला. "चालो ने बेन!" तिच्या मागून मी निघाले, माझ्या मागून बाकीचे. मैदानाच्या निम्म्यात पोचलो तेव्हा मागून वास आला, ब्लीचिंग पावडरचा, उग्र, डोळ्यांत झोंबणारा. वळून पाहिलं तर शेडवर धुरकट पिवळं काहीतरी उतरत होतं, आणि आम्ही बसलो होतो ती सतरंजी त्यात दिसेनाशी झाली.

मैदानाच्या टोकाशी सगळे थांबलो. नाव घेऊन घेऊन मुलं मोजली. सगळी होती. जिग्ना थरथरत होती. अजूनही माझा दंड तिनं सोडला नव्हता, तिची नखं मला रुतत होती.

"बीक लागी, बेन?" तिनं विचारलं.

"हो ग," मी म्हटलं. "खूप लागली. तुला?"

तिनं खाली मान घालून हो म्हटलं. दवाखान्यात न निघालेला शब्द आता तरी काढावा म्हणून मी तोंड उघडलं, तर माझ्याआधी, ओल्या रुमालातून, तीच मला म्हणाली, "शाब्बास."