शेवटच्या बाकाकडे

भागाकाराचे उत्तर सांगून झाल्यावर सानिकाने आज पुन्हा मागे वळून पाहिले. शेवटच्या बाकावर कोणी नव्हते.

वर्षभर विद्यावेतनावर एका अनुभवी शिक्षिकेच्या वर्गात राहायचे आणि शिकवायला शिकायचे, अशी माझी उमेदवारी. मी शिकवत असे तेव्हा सुमनबाई त्या बाकावर बसून ऐकत. मुले उत्तर मला देत. ते बरोबर आहे की नाही हे मात्र बाईंची मान हलते का ते पाहून ठरवत. मला वाईट वाटे. एकदा तसे बोलूनही दाखवले, तेव्हा बाई हसल्या. "अगं, जूनपर्यंत विसरतील मला. मुलं कृतघ्न असतात, हे आधी शिक!"

बाई जाऊन आज अकरा दिवस झाले. वर्ग आता माझ्याकडे आहे. माणूस गेल्यावर त्याला विचारायची सवय मागे उरते. तिचे काय करायचे, हे कुठल्याच प्रशिक्षणात सांगत नाहीत.

"बरोबर आहे. बस," मी म्हणाले.

सानिका उभीच राहिली. "नक्की ना, ताई?"

"नक्की," मी म्हणाले. पण त्याआधी माझीच नजर त्या बाकाकडे गेली होती, आणि ते साऱ्या वर्गाने पाहिले.