शेवटच्या चढाईला पाठ

मोठे बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याच्या बसमध्ये होते आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीत उपविजेत्यांचा कप होता. आदल्या दिवशी, रविवारी, आमच्या गावच्या पोरी कबड्डीचा अंतिम सामना हरल्या होत्या. कप आधी सावंगीच्या दवाखान्यात मोठ्या बाबांना दाखवायचा आणि मगच ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवायचा, असं पोरींनीच ठरवलं होतं. फोनवर त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ विनोद होता. "बाबा गेले व," एवढंच म्हणाला. मी पिशवीचं तोंड गच्च धरून बसले, जणू कप बाहेर पडला तर बसमधल्या सगळ्यांना कळेल की आम्ही हरलो.

देवराव त्यांचं नाव. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, म्हणून माझे मोठे बाबा. पुलगावपासून आत आमचं गाव, तिथं त्यांची शेती. कबड्डीचं वेड गावात पुष्कळांना आहे, पण मोठ्या बाबांची तऱ्हा निराळी होती. सामनाभर ते पंचाशी भांडत, पोरींच्या नावानं ओरडून गळा बसवून घेत, आणि शेवटची चढाई आली की मैदानाकडे चक्क पाठ करत. कोपऱ्यातल्या कडुलिंबाकडे तोंड, एक तळवा बुंध्यावर. "आपुन पाह्यलं तं हारते," असं त्यांचं म्हणणं. लोक चिडवत, "देवराव, लिंबासंगं लगन लावून देऊ का तुमचं?" ते मान न वळवता म्हणत, "लावा ना बाप्पा. तुमच्या वैनीपेक्षा कमी बोलते तो." मोठी आई तिथंच बायकांत बसलेली असायची. "घरी या, मंग पाहतो कोन कमी बोलते ते," हे तिचं उत्तरही ठरलेलं.

पाहायचं नाही, पण कळायला तर हवं. ते काम माझ्याकडे होतं, मी शाळेत असल्यापासून. "सांग," ते बुंध्याला म्हणाल्यासारखे म्हणत. मी सांगायची, आपली गेली आत. "मंग?" उजव्या कोपऱ्यातली मागं सरकली. "मंग?" हात लागला, पण दोघींनी घेरलं... "मंग?" त्या 'मंग'वर माझं पुढचं वाक्य चालायचं. नियम एकच होता, आणि तो पहिल्याच दिवशी सांगितला होता. "हारलो तं हारलो म्हन. मधात साखर घालू नको. साखर चहात घालाची असते."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी मिरवते, आणि का मिरवू नये? पण तिथं मला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं आणि सरांनी विचारलं, कुठं शिकलीस बोलायला, तेव्हा मी म्हटलं होतं, कडुलिंबाखाली. सर हसले. मी खरंच सांगत होते. पोरींचा संघ उभा राहिला तेव्हा गावातले काही जण कुजबुजायला लागले, पोरींनी असे कपडे घालून खेळायचं का म्हणून. मोठे बाबा भर पारावर म्हणाले, "पोरी गावाचं नाव घेऊन पळून राह्यल्या, अन् तुमी कापड मोजून राह्यले?" त्याच माणसानं माझ्या वडिलांना सांगितलं होतं, हिचं लग्न थांबेल, कॉलेज थांबणार नाही.

अंतिम सामन्याच्या आधीच्या शुक्रवारी दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. घरात कागद वाचणारी मीच, म्हणून मलाच. त्यांनी समजावून सांगितलं. मी परत वळले तर विनोदनं वॉर्डाच्या दारातच माझं कोपर धरलं. "सांगू नको त्यायले. माणूस आजच मरून जाईन." मी आत गेले. चेहरा धुऊन, नीट करून गेले होते. मोठ्या बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कूस बदलली. भिंतीकडे तोंड केलं. सलाईन नसलेला हात उचलून तळवा भिंतीवर ठेवला...

"सांग."

विनोद दारात उभा होता. त्याचे डोळे मला पाठीत जाणवत होते. मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात आता औषधाचा उपयोग होत नाही. "मंग?" घरी नेलं काय, इथं ठेवलं काय, सारखंच आहे. "मंग?" थोडेच दिवस आहेत, मोठे बाबा. यावर 'मंग' आलं नाही. तळवा मात्र भिंतीवरच राहिला. मग ते वळले आणि म्हणाले, "बेस केलं. साखर नाई घातली." आणि मग, "उद्या सामना हाय ना पोरींचा? तू इथं काऊन बसून राह्यली? मले कोन सांगन?"

विनोद त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. बाप त्याचा होता.

शनिवारी उपांत्य सामना आम्ही जिंकलो. कडुलिंबाखाली उभी राहून मी फोनवर सगळं सांगितलं, आणि जिंकल्यावर पोरींचा ओरडा त्यांना ऐकवला. संध्याकाळी वॉर्डातल्या टीव्हीवर भारताची क्रिकेटची मॅच होती. ती आपण हरलो. सगळा वॉर्ड सुतकात गेल्यासारखा झाला, नर्ससुद्धा हळहळली. मोठे बाबा मला फोनवर म्हणाले, "टीव्हीवरचा हारला तं चॅनल बदलता येते व. गावचा हारला तं त्याच गावात राहा लागते. उद्या पोरींले म्हन, नीट खेळा."

रविवारी नीटच खेळल्या. एका गुणानं मागं होतो आणि शेवटची चढाई प्रज्ञाची, आमच्या कर्णधाराची. "सांग," फोनमधून आवाज आला. तो फार बारीक झाला होता. गेली आत. "मंग?" एकीला बोटं लागली. "मंग?" परत फिरली, पण घोटा धरला तिचा... पडली. हात लांब केलाय तिनं मध्यरेषेकडे. "मंग?" त्या क्षणी साखर घालावीशी वाटली, खोटं कशाला बोलू. पण हा माणूस भिंतीला हात लावून वाट पाहत असणार, हे मला दिसत होतं. म्हटलं, नाही पोचला हात, मोठे बाबा. हारलो.

"रडून राह्यली का प्रज्ञा?"

हो, म्हटलं.

"तिले म्हन, हात लांब केला ना, बस झालं. कप घेऊन येजो."

बोलणं एवढंच झालं. सोमवारी सकाळी मी कप घेऊन निघाले होते.

तेरवीच्या दिवशी विनोद माझ्यासमोर बसला होता, खाली मान घालून. मोठी आई त्याला ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाली, "तू सांगतलं म्हून शनिवारी त्यायनं मले दोन गोष्टी बोलल्या, माय. साऱ्या जिंदगीत नोयत्या बोलल्या." कोणत्या, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. थोड्या वेळानं विनोद उठला आणि माझ्यासाठी चहा घेऊन आला.

आता महिना होऊन गेला. मागच्या रविवारी पोरींचा पुन्हा सामना झाला. गर्दी होती, तरी कडुलिंबाजवळची ती जागा लोकांनी मोकळी सोडली होती. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. बुंध्यावर एका जागी साल गुळगुळीत झाली आहे, तिथं मी हात ठेवून पाहिला. शेवटची चढाई आली. प्रज्ञाच निघाली. माझे ओठ आपोआप हलले. "आपली गेली आत," मी हळूच म्हटलं आणि सवयीनं थांबले...

थांबलेच. मैदानावर एकदम गलका झाला, पोरी एकमेकींच्या अंगावर पडून नाचायला लागल्या, कोणीतरी गुलाल उधळला. आणि मी अजून त्या पहिल्याच वाक्यावर उभी होते.