चोच नारिंगी, पोट काळं

शिरूरला आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो काढायला आमचे हे जातात, आणि ते निवडून, उजळून अल्बम लावायचं काम माझं. लग्नसराईत मान वर करायला फुरसत नसते, आणि त्यातच मला पक्ष्यांचं खूळ लागलंय. माहेर दौंडच्या बाजूला, भीमेकाठी. कॅमेरा घरचाच. मग काय, माहेरी गेले की हातातला चहा तसाच सोडून मी नदीवर.

नदीवर सुरय नावाचे पक्षी उडतात. आमच्याकडे रोज दिसतो तो नदी सुरय. डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, पोट पांढुरकं. थेट त्याच्याच वळणाचा, जरा लहान, काळ्या पोटाचा सुरय असतो. त्याची चोच नारिंगी, आणि विणीच्या दिवसांत पोट काळं. तो आता फारसा कुठंच दिसत नाही. आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, सांगतात की त्यांच्या उमेदीत तो आमच्या शेताखालच्या वाळूवर अंडी घालायचा. वाळू गेली, तसा तोही गेला. मला तो तिथंच परत हवा होता. हट्टच म्हणा.

पक्षी ओळखायचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात पुण्याच्या एका सरांचा शब्द शेवटचा. मी जीव टाकून काढलेला फोटो पाठवावा आणि त्यांनी लिहावं, 'नदी सुरय. नेहमीचा.' त्या 'नेहमीचा'नं माझं डोकंच फिरायचं.

यंदा एप्रिलात उन्हं कलताना एक सुरय माझ्या डोक्यावरून गेला आणि मी बटण दाबत राहिले. शिरूरला येऊन कार्ड कॉम्प्युटरवर उतरवलं. बघते तर चोच नारिंगी आणि पोट काळंभोर.  फोटो ग्रुपवर टाकला आणि पोळ्या करताना दर पोळीमागं फोन बघत राहिले. शेवटी सरांचं उत्तर आलं, 'चोच नारिंगीच आहे. अभिनंदन. रविवारी आम्ही सगळे बघायला येतो.'

आप्पांनाही पाठवला. त्यांचा लगेच फोन.

"ह्योच त्यो. पोटाला काजळ फासल्यागत. कुठं गावला गं तुला?"

"आपल्याच शेताखाली, आप्पा."

त्यांनी जागा परत एकदा विचारून घेतली. मग म्हणाले, "म्हंजी हाय अजून."

त्यानंतर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. रविवारी तो दिसला नाही तर? एका नवरीच्या अल्बममध्ये मी दुसऱ्याच नवरीचा मामा लावला. आमचे हे म्हणाले, "त्या पाखराला आता सत्काराला बोलवा, नारळ मी आणतो." मला हसू आलं नाही.

शुक्रवारी एका नवरीची मावशी तणतणत स्टुडिओत आली. पिशवीतून साडी काढून तिनं अल्बमवरच पसरली.

"ताई, आम्ही पोरीला पिवळी साडी घेतलीवती. तुम्ही नारिंगी कशी केली?"

मी भांडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. साडी खरंच पिवळी होती, लिंबासारखी. अल्बमात तीच पिकल्या संत्र्यासारखी. कॉम्प्युटरवर मी रंगांचं एक सेटिंग करून ठेवलंय, त्याला आम्ही 'हळद' म्हणतो. पिवळं त्यात तापतं आणि सावल्या काळ्या होतात. हळदीचे फोटो भरल्यासारखे वाटतात, केस दाट दिसतात. लग्नसराईत ते कायम चालू असतं. जे कार्ड उतरवू त्याला आपोआप लागतं. सुरयाचं कार्डही मी त्याच कॉम्प्युटरवर उतरवलं होतं.

मावशींना काय सांगून वाटेला लावलं ते आठवत नाही. 'हळद' बंद करून मी सुरयाचा मूळ फोटो उघडला. चोच पिवळी. पोट पांढुरकं, स्वतःच्याच सावलीत. नदी सुरय. नेहमीचा.

दिवसभर खुर्चीत बूड टेकवेना. वाटलं, गप्प बसावं. पाखरू उडून गेलं म्हणायला कुणाच्या बापाचं काय जातंय? पण मग तो भीमेवर आहे असं सगळे धरून चालणार, आणि नदी तर रिकामी. शेवटी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून ग्रुपवर टाकले आणि काय झालं ते लिहिलं. फार लाज वाटली. सरांनी लिहिलं, 'चूक माझीही आहे. मलाही तो हवाच होता.' रविवारचं येणं रद्द झालं.

राहिले आप्पा. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. रविवारी मी एकटीच दौंडला गेले आणि फोनवर मूळ फोटो उघडून त्यांच्या हातात दिला. फोन लांब धरून त्यांनी डोळे बारीक केले.

"ह्यो न्हाई. ह्यो रोजचा हाय. परवाचा दाव."

"आप्पा, पक्षी एकच आहे. रंग माझ्या हातून बदलले, चुकून."

त्यांनी बोटानं एक फोटो सरकवला, दुसरा आणला, परत पहिला. "येडी का काय तू? ह्यो आन् त्यो एक कसा? त्यो म्या बघितलाय."

मला राग आला, आणि मग एकदम रडूच यायला लागलं. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. त्यांनी पाहिलेला पक्षी अगदी तसाच होता. फक्त या खेपेला तो नदीवर नव्हता, माझ्या टेबलावर झाला होता.

"मग त्यो गेला कुठं?" त्यांनी विचारलं.

"आप्पा, तो नव्हताच."

"व्हता," आप्पा म्हणाले, आणि फोन माझ्या हातात परत दिला.