न्यूट्रॉनचं दार

"पडद्यामागं बस. पाहुण्यांच्या समोर येऊ नकोस." सर म्हणाले आणि बॅटरीच्या तारा माह्या हातात दिल्या.

यवतमाळच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. साठ सालानंतरची गोष्ट. आमच्या वस्तीतून सायन्सले गेलेली मी पहिली पोरगी. माह्या बाबानं छप्पनमध्ये धम्म घेतला तवा म्हटलं होतं, आता कोणापुढं वाकायचं नाही. आन् मी पडद्यामागं वाकूनच बसली होती, पाहा.

मॉडेल माह्या हातचं होतं बरं. मुंबईकडं अणुभट्टी झाली ना, तिच्यातून निघणारे न्यूट्रॉन म्हणजे बारके लोहचुंबकच. तिथलं मशीन एका दिशेचे निवडून लोखंडावर सोडते, मग उलट दिशेचे. दोन्हीतला फरक पाहिला का लोखंडाच्या पोटातलं चुंबकत्व समजते. मी न्यूट्रॉन कुठून आणू? लाकडाच्या गाड्यायत चुंबक बसवले, काही सुलटे, काही उलटे. उतारावर तारेचं वेटोळं, तेच दार. करंट सोडला का सुलट्या गाड्या पार, उलट्या अडून खाली पेटीत.

मोठे पाहुणे म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक. सर त्यायले असे समजावत होते, जसं मॉडेल त्यायनंच केलं. उलटी गाडी पेटीत पडली. शेठजी म्हणाले, "म्हणजे खालचा तो खालीच."

सर हसले. "निसर्गाचाच नियम, शेठजी. सरकार यांना स्कॉलरशिप देतं, म्हणून काय हे वर चढणार?"

सगळे हसले. पडदा असा किती जाड असते?

मी बॅटरीच्या तारा अदलाबदल केल्या, करंट उलटा.

आता सुलट्या गाड्या अडल्या. एकामागं एक पेटीत. उलट्या झपकन पार. सर आत शिरले. "काय करून राहिली तू?"

मी पडदाच ओढला. सगळ्यायसमोर म्हटलं, "निसर्गाचा नियम नाही, सर. तारा ज्याच्या हातात, त्याचा नियम."

लॅब बंद झाली माही. माफी माग, मग ये, सर म्हणे. मायनं हात जोडले, माग वं बाई, वर्ष जाईल. नाही मागितली. वर्ष गेलं. दुसऱ्या साली पुन्हा नाव घातलं, पहिल्या बाकावर बसली, सरायच्या नाकासमोर. रोज. त्यायची नजर खाली जाये. मले गोड वाटे, खोटं काहून सांगू?

त्यायनं माफी कधी मागितली नाही. सर गेले आता. लोक म्हणतात, सोड ना आजी. काहून सोडू? अपमान आमच्या वाट्याले, आन् माफ करणंही आमच्याच वाट्याले?

नाही करत.