स्फोटकाकीचं बावखल

बोट कापलं की आमच्या घरात कोणी हळदीकडे धावायचं, तर कोणी कापून घेणाऱ्यालाच ओरडायचं. स्फोटकाकी मात्र आधी ते बोट उजेडात धरून निरखायची. "बघ, लोखंड आलं बाहेर. ताऱ्याच्या पोटातलं हाय. फुकट सांडू नको," म्हणायची आणि मग सावकाश हळद लावायची. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी सहा-सात वर्षांची होते. रडायचं विसरून मी बोटाकडे बघत बसले आणि घरी जाऊन आईला सांगितलं, की माझ्या अंगात खिळे आहेत.

ती माझ्या बाबांच्या चुलतभावाची बायको. खरं नाव सुमन, पण ते रेशनकार्डापुरतं. कोणतीही गोष्ट निघाली तरी ती शेवटी ताऱ्याच्या स्फोटावर नेऊन ठेवायची, म्हणून आम्ही पोरांनी तिला स्फोटकाकी केलं. वसईत पापडीजवळच्या आमच्या वाडीत ती खाडीकाठच्या गावातून सून म्हणून आली. तिच्या माहेरी मिठागरं आणि भातशेती, आमच्याकडे केळी आणि पानवेली. हे लग्न त्या काळी दोन्हीकडच्यांच्या घशाखाली सहज उतरलं नव्हतं. त्यावर काकीचं उत्तर ठरलेलं होतं. "मना सोनं नको होतं. तुमच्या विहिरीचं पानी गोड लागलं, म्हनून हो म्हटलं." काका शेजारीच बसलेले असायचे. "म्हणजे त्यात मी कुठे नव्हतोच," असं ते दर वेळी पुटपुटायचे आणि काकी दर वेळी तितकीच हसायची.

गावातल्या शाळेत ती प्रयोगशाळेत मदतनीस होती. बाटल्या पुसायच्या, बर्नर पेटवून द्यायचा, परीक्षेच्या दिवशी फुटलेल्या काचा गोळा करायच्या. सर शिकवत ते कपाटाशी उभी राहून ऐकायची. तेच धडे वर्षानुवर्षं ऐकून तिला इतके पाठ झाले, की सर चुकले की ती खोकायची. सरही भले माणूस; खोकला आला की फळ्याकडे वळून बघायचे आणि पुसायचे. पुढे वाचनालयातली पुस्तकं झाली, निवृत्तीनंतर मोबाइल आला. दुपारी भांडी घासून झाली की ती पायरीवर बसून दीर्घिकांचे व्हिडिओ बघायची. इंग्रजी अर्धं समजायचं. उरलेलं अर्धं ती वाडीत शोधायची.

मला विश्व कळलं ते केळीच्या बुंध्याशी. केळ आयुष्यात एकदाच फळते. केळ्यांचा लोंगर उतरवला की ते झाड संपलं. काकी कोयत्याने त्याचा बुंधा आडवा करायची, त्याचे तुकडे करायची आणि भोवती उगवलेल्या मुनव्यांच्या, म्हणजे केळीच्या पिल्लांच्या, मुळाशी रचायची. वाडीतली सगळीच माणसं हे करतात, पण त्याचं प्रवचन फक्त काकी करायची. "मोठा तारा पन असाच. जन्मभर पोटात एकेक वस्तू शिजवतो. कार्बन, ऑक्सिजन, करत करत लोखंडापर्यंत येतो. लोखंडावर चूल पेटत नाय. मग स्वतःच्याच भाराने आत कोसळतो आनि फुटतो. पोटातलं सगळं पसरतं. त्याच्यातून नवे तारे, माती, तू, मी, ही राजेळी केळ." मी डोळे विस्फारून ऐकत असायचे. तेवढ्यात ती कोयता पुसत म्हणायची, "उदाहरन इथवरच हां, बाय. केळीला पिल्लं असतात, ताऱ्याला नसतात."

हे तिचं खास. कोणतंही उदाहरण दिलं की ते कुठे तुटतं तेही सांगायचंच. ती म्हणायची, उदाहरणावर नदी ओलांडावी, त्यावर घर बांधू नये.

पण एकदा तिनेच घर बांधलं. शेजारच्या घरातला कर्ता माणूस गेला. तेराव्याला सगळे गंभीर चेहऱ्याने बसलेले असताना काकी त्याच्या बायकोचा हात धरून म्हणाली, "तो गेला नाय गो, पसरला." त्या बाईचा भाऊ एवढा संतापला, की काकांना त्याचे पाय धरायचेच बाकी राहिले. आई घरी येताना म्हणाली, "हिला कुठे न्यायची सोय नाही." महिन्याभराने तीच बाई काकीच्या दारात आली आणि पायरीवर बसली. "सुमनवहिनी, कसं पसरतात ते पुन्हा सांग ना." काकीने सांगितलं. त्या वेळी उदाहरण इथवरच, असं ती म्हणाली नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "काही वेळा नसतं सांगायचं."

वाडीच्या मधोमध आमचं बावखल होतं. वसईबाहेरच्या माणसाला ते तळं वाटेल, उन्हाळ्यात तर नुसता खड्डा. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि समुद्राचा खार अडवून विहिरीचं पाणी गोड ठेवतं. आम्हांला लहानपणी त्याची भीती वाटायची. शाळेत कृष्णविवराबद्दल ऐकून आल्यावर मी काकीला विचारलं, ते सगळं गिळून टाकतं का गं? ती बावखलाच्या काठावर केळीची पानं धूत होती.

"तो काय कचरा ओढायचं मशीन नाय. लांब राहिलं तर तो कुनाच्या वाटेला जात नाय. पन जवळचा वायू आत पडताना एवढा तापतो, की त्याचा वारा सुटतो. तो वारा आख्खी दीर्घिका ढवळतो. कटे वायू बाहेर फेकतो, कटे दाबतो. नवे तारे किती व्हायचे, त्याच्यात त्याचा हात असतो. मधोमध एक काळा खड्डा हाय, पन गावभर त्याचा शब्द चालतो." मग बावखलात हात बुडवून म्हणाली, "खड्ड्याला रिकामा म्हनू नये."

उन्हं तापली की ती सुकेळी करायची. पिकलेली राजेळी सोलून चटईवर वाळवायची, संध्याकाळी झाकायची, सकाळी पुन्हा उन्हात. आठवडाभरात ती मधासारखी दाट तपकिरी व्हायची. मग केळीच्याच वाळक्या सोपटात गुंडाळून घरोघरी एकेक पुडकं. माझं लग्न होऊन मी स्टेशनच्या पूर्वेला सोसायटीत राहायला गेले, तरी माझं पुडकं यायचंच.

आता माझ्या चुकीविषयी लिहायला हवं. इतका वेळ मी त्याच्याच भोवती फिरते आहे.

काका गेले, पाठोपाठ बाबा गेले. वाडीच्या सामाईक जागेत बावखलही होतं. इतर भाऊबंदांना ते बुजवून तिथे लग्नकार्याचा हॉल करायचा होता. "मच्छर होतात, पोरं पडतील," ही कारणं होतीच. काकीचं नाव कागदावर कधी चढलंच नव्हतं; बाबांच्या वाट्याची माझी एकटीची सही राहिली होती. काकीचा फोन आला. भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "सही कर, नको कर, तुझी जागा हाय. पन आधी आषाढात एकदा ये. बावखल भरलं की बघ, मग कर. माझं माहेर खाडीवरचं. खार काय करतो ते मना ठाव हाय."

मी येते म्हणाले. आषाढात मुलाची परीक्षा होती, मग माझं ऑफिस, मग पाऊस फार. श्रावण संपता संपता चुलतभाऊ कागद घेऊन दारात आला आणि मी उभ्या उभ्या सही केली. चहासुद्धा झाला नव्हता. पाऊस ओसरल्यावर डंपर आले आणि कुठल्या तरी पाडलेल्या इमारतीच्या विटा-टाइल्स बावखलात ओतून गेले.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी काकीकडे गेले. ती कधी बोलली नव्हती, म्हणून मला वाटलं होतं, की सगळं ठीक असेल. तिने नेहमीप्रमाणे तांब्या पुढे केला. पाणी मचूळ होतं. मी घोट गिळला आणि तिच्याकडे बघू शकले नाही. मागे राजेळीच्या पानांच्या कडा जळल्यासारख्या झाल्या होत्या. ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"तारा फुटला तर पसरतो, बाय. भराव नुसता बसून राहतो."

सगळ्या प्रकरणात ती मला एवढंच बोलली. त्यापेक्षा तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. निघताना तिने सुकेळीचं एक पुडकं हातात ठेवलं, "या वाडीचं हे शेवटचं," म्हणाली. आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक मुनवा दिला. "तुमच्याकडे टँकरचं का होईना, गोड पानी हाय. लाव कटेतरी." मी तो सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे, टाकी भरताना पाणी सांडतं तिथे, लावला. खरं सांगायचं तर कर्तव्य उरकल्यासारखा लावला.

काकी त्याच वर्षी दिवाळीआधी गेली. झोपेतच, कोणाला तसदी न देता. ती नेहमी म्हणायची, "मना समुद्राला देऊ नका, तो खारा हाय. राजेळीच्या बुंध्याशी टाका." पण वाडीतली राजेळी तोवर वाळून गेली होती. भाऊबंद म्हणाले, रीत ती रीत. अस्थी समुद्रात गेल्या. मी मूठभर राख ओच्यात बांधून आणली आणि टाकीमागच्या केळीला घातली. वॉचमनने विचारलं, "मॅडम, खाद है क्या?" मी हो म्हणाले. काकीला हे उत्तर आवडलं असतं.

यंदा त्या केळीला लोंगर आला. सोसायटीतल्या सगळ्यांना फणी फणी वाटली. उरलेल्या केळ्यांची गच्चीवर सुकेळी घातली. रंग आला, चव काही आली नाही. मग बुंधा आडवा करायला खाली गेले. हाताला सवय नाही, कोयता सटकला आणि बोट कापलं. रक्ताचे दोन-तीन थेंब मुनव्यांच्या मुळाशी पडले. मी बोट उजेडात धरलं आणि उगाच थांबले.

बुंध्याचे तुकडे मुनव्यांभोवती रचता रचता मी स्वतःला समजावलं, की काकी गेली नाही, पसरली. या मातीत आहे, पानात आहे, माझ्या बोटातून आलं त्यातही तिनेच दाखवलेलं लोखंड आहे. सगळं खरं आहे. पण उदाहरण इथवरच. मला ती पसरलेली नको आहे. मला ती पायरीवर बसलेली हवी आहे, मागे भरलेलं बावखल आणि हातात गोड्या पाण्याचा तांब्या घेऊन. मी आषाढात येते म्हणाले होते. मला अजून यायचं आहे.